गंजलेल्या बीमला फायबरचं कापड: कामाचा क्रम आणि नेहमीच्या चुका

गोव्यात दरवर्षी हाच प्रकार दिसतो. पावसात बीमच्या खालचा पोपडा पडतो, आतली तांबडी सळई दिसते आणि चवथ (गणेश चतुर्थी) महिन्यावर आलेली असते. पाहुणे येणार, घर रंगवायचं असतं. मग कुणीतरी काळं कापड (कार्बन फायबरचं) आणि इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग कालवून लावायच्या चिकट रेझिनचे, डबे घेऊन येतो, दोन दिवसांत बीम गुंडाळतो आणि वरून रंग मारतो. काम देखणं दिसतं. दोन-तीन पावसाळे गेले की त्याच बीमवर नाणं ठोकल्यावर रिकाम्या डब्यासारखा आवाज येतो.

अशा वेळी कापडाला दोष देतात. कापड बहुतेक वेळा चांगलंच असतं, चुकलेला असतो क्रम. दहा दिवसांच्या हातकामात कापडाचा वाटा दीड-दोन दिवसांचा. बाकीचे दिवस ठोकणं, फोडणं, घासणं, भरणं आणि वाळायची वाट बघणं यात जातात, आणि काटछाट नेमकी तिथेच होते.

हा लेख घरं, छोटी हॉटेलं आणि दुकानांच्या इमारतींतल्या साध्या आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटच्या) बीमसाठी आहे. पूर्वताणित (आतल्या तारा आधीच ताणून ठेवलेल्या) गर्डरांना तो लावू नका. मांडवीवरचा जुना पूल १९८६ साली आतल्या ताणलेल्या तारा गंजून कोसळला. त्या कामाचं शास्त्र निराळं आहे. किती थर, किती रुंद पट्ट्या, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने आकडेमोड करूनच सांगायचं. इथे आहे ती साइटवरची रीत.

## कापडाकडून काय मागायचं

फायबर फक्त धाग्याच्या दिशेने ताण घेतं. बीमच्या तळाला लांबीच्या दिशेने लावलं तर ते वाक सोसायला मदत करतं. बाजूंवर उभं, यू आकारात लावलं तर कातर (बीम तिरका चिरणारा जोर) सोसायला. आडवं-उभं चुकलं तर नुसता खर्च.

दुसरी गोष्ट, लावल्या क्षणी ते काहीच काम करत नाही. बीम आणखी ताणला गेला तरच ते ओढलं जातं. आधीचा झोक त्याने सरळ होत नाही आणि गंजही थांबत नाही. गंजाने लोखंडाचं आकारमान दोन ते सहा पट होतं. हा फुगारा काँक्रीट फोडतो, मग कापडाला ढकलतो. गंज आत ठेवून वर कापड घातलं, तर पुढची भेग डोळ्यांना दिसतच नाही.

इशारा: कोटेशनमध्ये कापडाचा दर चौरस मीटरवर आणि तयारी मात्र 'एकरकमी' असेल, तर तयारी होणार नाही असं समजा. प्लास्टर काढणं, सळई साफ करणं, मॉर्टर, भेगा भरणं आणि कापड, प्रत्येकाची मोजणी वेगळी लिहून घ्या. भांडणं पुष्कळ वाचतात.

## १. तपासणी: आधी पाणी कुठून येतं ते शोधा

मिरामार, कळंगुट, वास्को, बाणावली या किनारपट्टीत मीठ हवेतून येतं. पण आतल्या भागातही गंज असतोच. मांडवी, जुवारी, शापोरा या नद्यांत भरतीचं खारं पाणी बरंच आत शिरतं, आणि न धुतलेली खाडीची रेती वापरलेल्या काँक्रीटमध्ये मीठ पहिल्या दिवसापासून असतं. मीठ बाहेरून आलेला आणि मीठ आधीपासून आत असलेला, या दोन बीमचा इलाज सारखा नाही, म्हणून तपासणी.

मीठ शोधण्याआधी वर बघा. मी पाहिलेल्या गंजलेल्या बीमपैकी कितीतरी बाथरूमच्या खाली, गच्चीच्या नळीशेजारी किंवा टाकीच्या ओव्हरफ्लोखाली होते. समुद्राला शिव्या घालून मालक मोकळा होतो आणि वरचा नहाणीघराचा ट्रॅप गळतच राहतो. गळती बंद होऊन वरचं काँक्रीट वाळेपर्यंत पुढची पायरी सुरू करू नका.

मग हातोडीने पूर्ण बीम ठोकून बघा: तळ, दोन्ही बाजू, टोकं. पोकळ आवाज येईल तिथे खडूने घेर काढा. सळईच्या रेषेत धावणारी भेग म्हणजे आत गंज आहे, वर तांबडा डाग दिसो वा न दिसो. बाकीच्या चाचण्या अशा:

फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलणारं रसायन) ताज्या फोडलेल्या पृष्ठभागावर फवारा. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून अल्कधर्मी, म्हणजे सळईला गंजापासून जपणारं आहे. रंग आला नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिथलं संरक्षण संपवलंय. जुन्या, धूळ बसलेल्या भागावर फवारून निष्कर्ष काढू नका.

हाफ-सेल चाचणीत (सळईचा विद्युत दाब मोजून गंजाचा अंदाज घेणाऱ्या) तांब्याच्या इलेक्ट्रोडने उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली वाचन आलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. उणे २०० ते उणे ३५० या पट्ट्यात खात्रीने काही सांगता येत नाही.

क्लोराइडसाठी (मिठातला गंजवणारा घटक) ड्रिलची पूड वेगवेगळ्या खोलीवरून, वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. वर जास्त आणि आत कमी असेल तर मीठ बाहेरून आलंय. सगळीकडे सारखं असेल तर रेतीबरोबर किंवा पाण्याबरोबर आलंय. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक ताज्या आरसीसीसाठी घनमीटरला ०.६ किलो क्लोराइडची मर्यादा देतं. सळईपाशी त्याहून बरंच जास्त निघालं तर नुसत्या डागडुजीवर कापड घालणं धोक्याचं.

काँक्रीटची ताकदही लागते, कारण कापड चिकटणार आहे ते त्यालाच. डिझाइनर ज्याचा आधार घेतात त्या एसीआय ४४०.२आर या अमेरिकन मार्गदर्शिकेत किमान १७ मेगापास्कल दाब-ताकद मागितली आहे. २००० सालच्या सुधारणेपूर्वी आयएस ४५६ मध्ये एम१५ लाही (१५ मेगापास्कलच्या काँक्रीटला) आरसीसीची परवानगी होती, त्यामुळे जुन्या इमारतीत कोअर (तपासणीसाठी काँक्रीटचा गोल नमुना) काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

थांबा, इथे निर्णय: उद्या आगीत किंवा तोडफोडीत कापड गेलं, तरी दुरुस्त केलेला बीम उभा राहिला पाहिजे. त्याच मार्गदर्शिकेचा निकष असा, की कापडाविना बीमने कायम भाराच्या (बांधकामाचं वजन) १.१ पट आणि चल भाराच्या (माणसं, सामान) ०.७५ पट मिळून इतकं वजन पेललं पाहिजे. ते जमत नसेल तर नवी सळई आणि जॅकेटिंग (बीमभोवती नवं काँक्रीट) हा मार्ग. अशा बीमला कापड सुचवणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा.

## २. हंगाम ठरवा

चवथीची घाई सगळ्यात महाग पडते, कारण चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात, भर दमट हवेत. कापडाचं काम नोव्हेंबर ते मे याच काळात धरा. चवथीआधी पोपडा पडलाच असेल तर टेकू द्या, सुटलेला भाग काढा, सण त्या टेकूसकट साजरा करा. देखावा बिघडेल, बीम वाचेल.

कोरड्या हंगामातही सकाळी दव असतं. नियम असा की बीमच्या पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी वर हवं. दवबिंदूचा अंदाज काढायची सोपी रीत: १०० मधून आर्द्रता वजा करा, ५ ने भागा, येईल तो आकडा हवेच्या तापमानातून वजा करा. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू साधारण २५. तेव्हा बीम २७ अंशांवर असला तर काम थांबवायचं. सत्तरी-सांगे भागात जानेवारीत दहा-अकरापर्यंत थांबावं लागलं तर थांबा.

प्रायमर, पुट्टी, सॅच्युरंट (कापड भिजवायचं इपॉक्सी) आणि कापड एकाच कंपनीच्या एकाच संचातलं घ्या. अर्धं इथलं, अर्धं तिथलं अशी खिचडी केली की पुढे कुणीच जबाबदारी घेत नाही.

## ३. टेकू आधी, हातोडा मागून

बीम फोडायला घेतला की तो आणखी दुबळा होतो. त्यामुळे टेकू पहिल्या घावाच्या आधी बसले पाहिजेत. ते थेट जमिनीपर्यंत किंवा खालच्या मजल्यावरच्या बीमपर्यंत उतरले पाहिजेत. स्लॅबच्या मधोमध टेकवलेला टेकू भार फक्त खालच्या मजल्यावर ढकलतो. वरच्या खोलीतलं जड कपाट, पाण्याचं पिंप, रचलेल्या लाद्या हलवा. एवढं केलं तर दुरुस्तीच्या वेळी बीमवरचा ताण कमी राहतो आणि पुढे कापडाच्या वाट्याला खरं काम येतं.

जॅक कसून बीम वर उचलायचा प्रयत्न करू नका. टेकू घट्ट बसला की पुरे.

## ४. फोडणं

गिलावा पूर्ण काढा, 'चांगला वाटतो' तोही. गिलाव्यावर लावलेलं कापड गिलाव्याइतकंच मजबूत असतं.

सुटलेलं काँक्रीट काढताना सळई दिसली की मेस्त्री थांबतो. ही सगळ्यात मोठी चूक. गंज सळईच्या मागेही असतो. सळईच्या पाठीमागे २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी, बोट फिरवता येईल इतकी. लांबीत स्वच्छ लोखंड लागेपर्यंत पुढे जा आणि तिथून आणखी वितभर. खड्ड्याच्या कडा डिस्कने सरळ कापून घ्या, निमुळत्या सोडल्या तर नवा मॉर्टर कडेलाच सुटतो.

मोठा ब्रेकर नको. छिन्नी-हातोडा किंवा हलका ब्रेकर वापरा. नाहीतर चांगल्या काँक्रीटमध्ये बारीक तडे जातात आणि पुढची चिकटण्याची चाचणी तिथेच फसते. रिंगा (मुख्य सळयांभोवतीचे बारीक लोखंडी वेढे) वाकवू नका, कापू तर मुळीच नका. लांब बीम एकदम सगळा उघडा करू नका. इंजिनिअर सांगेल तसे टप्पे पाडा.

## ५. सळई: इथे वेळ द्या

वायर ब्रशने वरवर घासलेली सळई साफ दिसते, पण खड्ड्यांतला काळा गंज तसाच असतो आणि मीठ त्यातच बसलेलं असतं. सँड ब्लास्टिंग सर्वात चांगलं. ते शक्य नसेल तर ग्राइंडरला वायर व्हील लावून चारही बाजूंनी घासा. किनाऱ्याजवळ त्यानंतर गोड्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा. इथे विहिरीचं पाणी वापरण्याआधी चाखून बघा. किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी उन्हाळ्यात खारटतात. मिठाने मीठ धुतलं जात नाही.

आता व्हर्नियरने व्यास मोजा, जिथे सर्वात बारीक झालीय तिथे. १६ ची सळई चारी बाजूंनी फक्त १ मिलिमीटर झिजली तर १४ ची उरते, म्हणजे क्षेत्रफळ २०१ वरून १५४ चौरस मिलिमीटर. जवळजवळ २३ टक्के लोखंड गेलं. डोळ्यांना ती सळई 'बरी' वाटते. इतकी घट असेल तर जोडीला नवी सळई लागेल का आणि तिचा जोड किती लांब, हे इंजिनिअरकडून लिहून घ्या. रिंगांचेही व्यास मोजा. त्या बारीक असतात आणि पृष्ठभागाच्या जवळ असतात, म्हणून आधी त्याच जातात. तळाच्या सळईच्या नादात तुटलेल्या रिंगा मोजायच्या राहिल्याचं मी अनेकदा पाहिलंय.

साफ केलेल्या सळईला त्याच दिवशी लेप द्या. समुद्रकिनारी रात्रभर उघडी ठेवलेली सळई सकाळी पुन्हा तांबडी झालेली असते. लेप सळईच्या मागच्या बाजूलाही गेला पाहिजे. छोटा आरसा खाली धरून बघा. गंज न काढता त्यावर रस्ट कन्व्हर्टर फासणं म्हणजे मळलेल्या कपड्यांवर अत्तर.

मिठाच्या बीममध्ये आणखी एक खोड असते. तुम्ही एक भाग छान दुरुस्त केला की शेजारच्या जुन्या, खाऱ्या काँक्रीटमधली सळई जास्त वेगाने गंजू लागते. दुरुस्तीच्या कडेभोवती तांबडी रेषा उमटते ती यामुळे. क्लोराइड जास्त निघालं असेल तर खड्ड्याच्या कडेला सळईला जस्ताचे बळी-अॅनोड बांधण्याबद्दल इंजिनिअरला विचारा. लोखंडाऐवजी जस्त झिजतं. खर्च वाढतो, पण कापड फुटून पुन्हा सगळं काढण्यापेक्षा तो कमी असतो.

तपासा: मॉर्टर भरण्याआधी प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढा, पट्टी शेजारी ठेवून. पुढे वाद झाला तर हाच पुरावा.

## ६. बीम पुन्हा आकारात आणणं

साधा सिमेंट-रेतीचा हात इथे चालत नाही. पॉलिमर मॉर्टर थराथरात भरा. एका वेळी किती जाडी चालते ते पिशवीवर असतं, बहुतेक १० ते २० मिलिमीटर. खड्डा खोल आणि लांब असेल तर फळ्या बांधून मायक्रो काँक्रीट ओता. ओतायची वाट एका बाजूने, हवा सुटायची दुसऱ्या बाजूने, नाहीतर वरच्या कोपऱ्यात पोकळी राहते.

०.३ मिलिमीटरपेक्षा रुंद भेगांवर छोट्या नळ्या बसवून त्या पातळ इपॉक्सीने भरून घ्या. खालच्या नळीपासून सुरुवात करा. वरच्या नळीतून इपॉक्सी बाहेर आलं की खालची बंद करून वर सरका.

मग वाट बघणं. मॉर्टरला पाणी मारायचे दिवस संपले म्हणजे तो कापडासाठी तयार झाला असं नाही. ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेपने हवाबंद चिकटवा आणि १६ तास ठेवा. खाली थेंब किंवा ओलसर काळेपणा दिसला तर आणखी थांबा.

## ७. पृष्ठभाग

ग्राइंडरने वरचा साईसारखा सिमेंटचा थर काढा, आतले खडे थोडे दिसू लागेपर्यंत. उंचवटे घासा, खळगे पुट्टीने भरा. फळीच्या सांध्याची रेष राहिली तरी कापड तिथे उचललं जातं.

तळाचे दोन्ही कोपरे गोल करा. किमान त्रिज्या १३ मिलिमीटर. मी २० ते २५ मागतो, कारण साइटवर २५ सांगितलं की १५ मिळतं. नोकदार कोपऱ्यावर धागे तुटतात. पुठ्ठ्यातून त्या त्रिज्येचा साचा कापून ठेवा आणि दर हातभर अंतरावर लावून बघा.

धूळ व्हॅक्यूमने काढा. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर तेल अडवणारी जाळी हवी. आधी पांढऱ्या कागदावर हवा मारून बघा, डाग पडला तर ती हवा बीमला नको.

तपासा: पुल-ऑफ चाचणी घ्या, म्हणजे पृष्ठभागावर चकती चिकटवून ती ओढून बघा. किमान १.४ मेगापास्कल हवेत आणि तुटताना काँक्रीट तुटलं पाहिजे. चकती नुसती गोंदातून सुटली तर चाचणीच फुकट गेली, पुन्हा करा.

इशारा: कार्बन वीज वाहतो आणि लोखंडाला टेकला तर लोखंड आणखी जोरात गंजतं. सळई, क्लॅम्प किंवा बोल्ट जवळ असेल तिथे मध्ये काचेच्या फायबरचा थर घाला. कापड कापताना उडणारे बारीक धागे स्विचबोर्डपासून लांब ठेवा.

## ८. कापड लावणं

१. सगळे तुकडे आधीच कापून त्यांवर क्रमांक घाला. कापड गुंडाळून ठेवा, घडी घालू नका.

२. रेझिन आणि हार्डनर वजनाने मोजा, अंदाजाने नाही. संथ ड्रिलने तीन-चार मिनिटं ढवळा, भांड्याच्या कडा खरवडत. ३० अंशांच्या हवेत हाताशी वेळ साधारण २० ते ४० मिनिटं असतो, म्हणून थोडंथोडं कालवा. डबा गरम झाला की तो टाकून द्या. त्यात थिनर घालून 'वाचवणारे' पाहिलेत. त्या थराची ताकद तिथेच संपते.

३. प्रायमर लावा. बोटाला किंचित चिकट लागेल तेव्हा पुट्टी, मग सॅच्युरंटचा पहिला हात.

४. तळाचं लांबीचं कापड आधी, यू पट्ट्या नंतर. कापड मध्यापासून दोन्ही टोकांकडे दाबत जा. रोलर धाग्यांच्या दिशेने फिरवा. उलटसुलट फिरवला तर धागे वाकडे होतात. हवेचा बुडबुडा टोकाकडे हाकलून काढा.

५. कापडातून सॅच्युरंट वर येईपर्यंत थांबा, मग वरून दुसरा हात. कोरडे, फिकट ठिपके राहिले तर ते तिथेच भिजवा.

६. जोड लागलाच तर धाग्याच्या दिशेने किमान १५० ते २०० मिलिमीटर एकावर एक, आणि बीमच्या मधोमध कधीच नाही.

बीमच्या वर स्लॅब असल्याने चारही बाजूंनी गुंडाळता येत नाही. यू पट्टीची टोकं स्लॅबखाली उघडी राहतात आणि सोलायला सुरुवात तिथूनच होते. टोकांना अँकर हवा की नाही, हे डिझाइनमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे. तळाच्या कापडाची दोन टोकंही अशीच नाजूक; त्यांवर यू पट्टी यायलाच हवी.

गिलावा करायचा असेल तर शेवटच्या ओल्या हातावर कोरडी, स्वच्छ क्वार्ट्‌झ रेती शिंपडा. हे विसरलं तर दुसऱ्या दिवशी त्या काचेसारख्या पृष्ठभागावर काहीच चिकटत नाही. हातमोजे, चष्मा आणि मास्क न वापरणाऱ्याला साइटवर चढू देऊ नका. इपॉक्सीची खाज महिनाभर पुरते.

## ९. नाणं वाजवा

चोवीस तासांनी प्रत्येक पट्टी नाण्याने ठोका. पोकळ जागा खडूने आखून मोजा. १३ चौरस सेंटिमीटरपर्यंतच्या छोट्या जागा चालतात, पण त्या मिळून एकूण क्षेत्राच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असाव्यात आणि एका चौरस मीटरमध्ये दहापेक्षा जास्त नकोत. १६० चौरस सेंटिमीटरहून मोठी असेल तर तो भाग कापून, पुरेसा जोड देऊन नवं कापड लावा. मधल्या आकारांत रेझिन टोचायचं की कापायचं, ते संख्या आणि जागा पाहून इंजिनिअर ठरवेल.

टेकू सात दिवस तरी काढू नका. इपॉक्सी हाताला कडक लागतं म्हणून तिसऱ्या दिवशी टेकू काढल्याने सगळी मेहनत वाया गेलेली पाहिली आहे.

## १०. झाकणं आणि जपणं

ऊन इपॉक्सीला खातं, म्हणून बाहेरच्या बीमला पॉलियुरेथेन किंवा तत्सम रंग हवाच. उष्णतेचं आणखी वाईट: साध्या हवेत पिकणारं इपॉक्सी बहुतेक ६० ते ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. हॉटेलच्या स्वयंपाकघरात, तंदूरच्या वर किंवा चिमणीशेजारी कापड लावायचं असेल तर आगरोधक थराचा निर्णय डिझाइनच्या वेळीच घ्या.

काम झाल्यावर बीमवर छोटी पाटी लावा: 'आत फायबर, भोक पाडू नये'. एसीवाला, फॉल्स सीलिंगवाला आणि पंखेवाला तिघंही ड्रिल घेऊनच येतात. आपल्याकडे चौथाही असतो. माटोळी (चवथीला गणपतीच्या वर बांधायची फळा-फुलांची चौकट) टांगायचे हूक अनेक घरांत बीमलाच असतात, आणि कापड लावल्यावर पहिल्याच चवथीला कुणीतरी नवं भोक पाडतं. हूक कुठे हवेत हे घरच्यांना कापड लावण्याआधी विचारा, आणि ते बीम सोडून भिंतीला किंवा वेगळ्या लोखंडी पट्टीला बसवून द्या.